बोटीत जागा कुणाला?

मैत्रिणींनो, मी सिनेमाची जाणकार नाही. पुरुषोत्तमनगरात साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या वस्तीत राहते आणि रात्रीची आवराआवर झाली की टीव्हीवर जे लागेल ते पाहते. १९९४ साली ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला आणि इंग्रजी न येणाऱ्या आमच्यासारख्यांना हॉलिवूड समजू लागले. (त्या बेटावरचे सगळे डायनासोर मुद्दाम माद्याच ठेवलेले असतात, म्हणजे त्यांची वीण शास्त्रज्ञांच्या ताब्यात राहील. हे किती जणींच्या ध्यानात आले होते?) इंग्रजी सिनेमा म्हणजे मारधाड आणि उघडेपणा, असे आपल्यातल्याही कितीतरी जणी म्हणतात. अंगप्रदर्शन हिंदी सिनेमातही पोटभर आहे, त्यासाठी अमेरिकेकडे बोट दाखवायला नको. माझी तक्रार निराळी आहे. या सिनेमांत एक बाई सुटते, आणि बाकीच्यांचे काय झाले ते कुणी विचारत नाही.

‘टायटॅनिक’ घ्या. १९९७ चा हा सिनेमा म्हटले की सगळ्यांना जहाजाच्या टोकावर हात पसरून उभी राहिलेली रोज आठवते. मला आठवते तिची आई. नवरा गेलेला, मागे कर्ज आणि घराण्याचे नाव, एवढेच उरलेले. लेकीच्या कमरेला कॉर्सेट घालून नाड्या आवळता आवळता ती तिला बजावते की हे लग्न मोडले तर आपल्यावर लोकांचे कपडे शिवायची पाळी येईल. सिनेमा तिला दुष्ट ठरवून मोकळा होतो. पण लेकीचे लग्न हाच घर सावरायचा एकमेव मार्ग, असे मानणारी आई आपल्या गल्लीत नाही काय? त्या बाईच्या हाताला सन्मानाचे काम असते, नावावर चार पैसे असते, तर तिने त्या नाड्या इतक्या आवळल्या असत्या का?

आणि ते ‘बायका-मुलं आधी’! पुरुषांच्या दिलदारीचा दाखला म्हणून ही गोष्ट कितीदा ऐकवली जाते. १९१२ साली जहाज बुडाल्यावर ब्रिटिश सरकारने चौकशी केली, त्यातले आकडे पाहा. पहिल्या वर्गातल्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या १६५ पैकी ७६. म्हणजे आधी बाई, हे खरे. पण कोणती बाई, ते तिकिटावरून ठरले. सिनेमात हे दाखवलेले आहे, नाही असे नाही. खालच्या मजल्यावर कुलूपबंद जाळ्या आहेत, आणि पाणी चढत असताना पोरांना गोष्ट सांगून निजवणारी एक आई आहे. कॅमेरा तिच्याजवळ काही क्षण थांबतो आणि पुन्हा रोजच्या मागे धावतो.

‘प्रिटी वूमन’ (१९९०) माझ्या भाचीला फार आवडतो. एक श्रीमंत माणूस रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला तीन हजार डॉलर ठरवून आठवडाभर ठेवून घेतो आणि मग प्रेमात पडतो. सुरुवातीलाच त्याच धंद्यातल्या एका पोरीचे प्रेत कचऱ्याच्या पेटीत सापडते. दोन तासांनी नायिकेच्या खिडकीखाली फुले घेऊन तो शेठ येतो, तोवर ती पोर सगळे विसरलेले असतात. भाचीला विचारले, तर तिलाही आठवेना.

मग १९९१ चा ‘थेल्मा अँड लुईस’. कॅली खौरी या बाईने लिहिलेला, तिला त्याबद्दल ऑस्करही मिळाले. बलात्कार करू पाहणाऱ्याला लुईस गोळी घालते, पण दोघी पोलिसांकडे जात नाहीत. तू त्याच्याबरोबर नाचत होतीस, आता कोण विश्वास ठेवणार, हा त्यांचा हिशेब. मथुरा खटला ज्यांना माहीत आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. दोघी मैत्रिणी शेवटपर्यंत एकमेकींना सोडत नाहीत म्हणून हा सिनेमा मला प्रिय आहे. पण शेवटी त्यांच्यापुढे फक्त दरी ठेवलेली आहे. आपल्याकडे त्या निकालानंतर १९८० मध्ये बाया ठिकठिकाणी रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. दोघींच्या जागी दोन हजार असल्या की गाडी दरीत घालावी लागत नाही, हे लेखिकेला सुचले नसेल असे नाही. पण तसला सिनेमा कुणी काढला असता का?

एकदा काढला होता. १९७९ चा ‘नॉर्मा रे’. सूतगिरणीतली कामगार बाई पुठ्ठ्यावर ‘युनियन’ लिहून टेबलावर उभी राहते आणि एकेक यंत्र बंद पडत जाते. (युनियन शिकवायला न्यूयॉर्कहून पुरुष यावा लागतो, तेवढे माफ.) ही गोष्ट क्रिस्टल ली सटन या खऱ्या कामगार बाईवरून घेतली. तिला १९७३ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या गिरणीने कामावरून काढले होते. त्याच सुमारास आमच्या शहादा-तळोद्याच्या भिल्ल बाया श्रमिक संघटनेच्या लढ्यात उतरल्या होत्या. मजुरी आणि जमिनीसाठी पुरुषांबरोबर झगडत होत्या, आणि गावोगाव फिरून दारूची मडकीही फोडत होत्या.

आजही उसाच्या तोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, मोळ्या दोघे वाहतात. या बायांवर सिनेमा काढायचा तर त्यातली एकच नायिका कोणती निवडावी, हा हॉलिवूडपुढे पेच पडेल, आणि मुंबईपुढेही. मडकी फोडणाऱ्यांपैकी ज्या हयात आहेत त्या आता सत्तरीच्या पुढे असतील. मोबाइल तर घरोघरी आहे. शहादा-तळोद्याच्या वाचक मैत्रिणींनी यंदाच्या पावसाळ्याआधी त्यांना गाठावे, बोलते करावे आणि जे मिळेल ते अंकाकडे पाठवावे.