मामंजींचा लेथ

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या डहाणूच्या घरी मागच्या पडवीतली ताडपत्री काढली, तर खाली मामंजींचा लेथ तांबूस झालेला! समुद्राचा खारा वारा लोखंडाची गय करत नाही. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला आणि ह्यांनी मानही डोलावली. पण याच लेथवर मामंजींनी तीन मुलांची शिक्षणं केली, वन्संचं लग्न उरकलं. मला काही देववेना.

मामंजींचे जुने स्नेही, तलासरीचे एक टर्नरकाका, बघायला आले. गंजाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सॅडल तेवढं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहिलं. बेड चकजवळ जास्त झिजतो. तिथे सॅडल घट्ट केलं की पलीकडे अडकतं. आमचं जरासंच अडकलं. "सूनबाई, विकू नका," म्हणाले.

मग काय, मुलगा आणि मी लागलो कामाला. सुटा केलेला प्रत्येक भाग आधी मोबाईलवर टिपला, आणि स्क्रू मसाल्याच्या जुन्या डब्यांत चिठ्ठ्या घालून ठेवले. बेडवर डिझेल मुरू दिलं, चिंध्यांनी पुसलं. (हे काम अंगणात, चुलीपासून लांब, बरं का!) जाड पॉलिश पेपर बेडला लावायचा नाही, त्याची कच सॅडलखाली शिरते आणि बेड आणखी झिजतो. सुटे नट-बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये, सकाळी सोड्याच्या पाण्यात, लगेच कोरडे करून तेल. तेल मशीनचंच हवं. मी हाताशी होतं म्हणून खोबरेल लावायला निघाले होते! खाण्याची तेलं कालांतराने चिकट होतात, मळ धरतात.

लेथ हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा. १९३० साली 'स्त्री' मासिक काढणारं तेच किर्लोस्कर घराणं. तो कारखाना आता बंद झाला, म्हणून सुटे भाग जुन्या बाजारात शोधावे लागतात.

जुनी मोटर थ्री फेजची. घरात सिंगल फेज, तेव्हा मोटर बदलली. वायरिंग आणि अर्थिंग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच.

आणि पहिल्याच दिवशी काय झालं सांगू? चक फिरत होता, मी चहा घेऊन वाकले, आणि पदर पुढे गेला. मुलाने वेळीच मागे खेचलं. चहा सांडला, हातपाय थरथर कापत होते. तेव्हापासून मशीन चालू असताना पदर खोचलेला, वेणी बांधलेली, बांगड्या नि मंगळसूत्र काढून ठेवलेलं. हातमोजेसुद्धा नकोत, तेही चकमध्ये अडकून हात ओढला जातो. चकची चावी चकमध्ये विसरली तर सुरू करताच गोळीसारखी सुटते. मुलं जवळ असतील तर मेन स्विच बंद.

आता लेथवर तेलाचा हात फिरवून सुती चादर घालते. ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते, गंज तिनेच आणला होता. परवा भंगारवाला पुन्हा आला, तेव्हा ह्यांनीच त्याला ती ताडपत्री देऊन टाकली.