मातीने पाणी शुद्ध होते. पण कुठली माती, कुठले पाणी?

नळाला पाणी आले की गावाचा पाणीप्रश्न मिटला, असे आपण धरून चालतो. तो तेवढ्याने मिटत नाही, हे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या फ्लोराइडच्या गावांना विचारावे. पाणी दिसायला नितळ, चवीलाही ठीक. पण वर्षानुवर्षे तेच पोटात गेले की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे मोठ्या माणसांचे सांधे आखडतात, पाठ वाकते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरी सोयच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. त्यापुढे धोका. आणि एक गोष्ट सर्वांनी गाठीला बांधावी : टीसीएल पावडरीने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उकळूनही जात नाही; उलट पाणी आटते आणि फ्लोराइडचे प्रमाण वाढते.

अशा गावात आज ना उद्या कोणीतरी 'मातीचा फिल्टर' घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात येणारच. निसर्गाची वस्तू, स्वस्त, वीज लागत नाही, असे सांगणार. सरपंचांनी त्याचे जरूर ऐकावे, कारण या शास्त्रात दम आहे. पण सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आधी शास्त्र समजून घेऊ. ते शेतकऱ्याला नवे नाही. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. वहीच्या पानांसारखे त्याचे पातळ थर असतात. पाऊस पडला की थरांत पाणी शिरते, जमीन फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की तीच जमीन भेगाळते. या थरांचा पसारा केवढा? शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमचे सगळे थर उलगडून पसरले तर सुमारे ७५० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे सात गुंठ्यांहून जास्त! पाण्यातला दोष चिकटायला एवढी जागा मिळते, हेच मातीचे बळ.

पण या थरांवर ऋण विद्युतभार असतो. म्हणून धन भाराचे पदार्थ ती धरते आणि ऋण भाराचे फारसे धरत नाही. युरिया टाकला की त्यापासून होणारा अमोनियम माती धरून ठेवते. त्याचा पुढे नायट्रेट झाला की तो पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरतो. हा अनुभव आपल्याला आहेच. फ्लोराइडही नायट्रेटसारखेच ऋण भाराचे. मग साधी काळी माती पाण्यात कालवून फ्लोराइड कसे जाईल? थोडेफार अडकेल, पण गावाचे भागणार नाही. वर माती फुगून गाळणी चोंदेल ती वेगळीच. "माती ती माती, कुठलीही चालते" असे कोणी म्हणाले तर त्याला हात जोडावेत.

म्हणून मातीवर प्रक्रिया करावी लागते. हीही गोष्ट जुनी आहे. आपण खातो ते रिफाइंड तेल स्वच्छ दिसते, त्यामागे आम्लात मुरवलेली मातीच असते. तेलाचा रंग ती शोषून घेते. खनिज तेलाचे विघटन करून पेट्रोल काढायला १९३० च्या दशकात अशीच आम्ल दिलेली माती उत्प्रेरक म्हणून वापरली गेली. पुढे १९७० च्या दशकात मातीच्या थरांत ॲल्युमिनियमची संयुगे घालून, मग तापवून, जणू दोन मजल्यांमध्ये खांब उभे करण्याची रीत निघाली. थर कायमचे उघडे राहतात आणि फुगणे थांबते. ॲल्युमिनियम, लोह, लँथॅनम यांना फ्लोराइडची ओढ असते. ते मातीत बसवले की ऋण भाराचे फ्लोराइडही अडकते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात लँथॅनम बसवलेली बेंटोनाइट माती तयार झाली. तलावातले फॉस्फरस बांधून शेवाळ आटोक्यात ठेवायला ती वापरतात. बेंटोनाइट आपल्या शेजारी कच्छात आणि राजस्थानात बारमेरला निघते. कच्चा माल दूर नाही.

आता ते चार प्रश्न.

पहिला : चाचणी कोणत्या पाण्यावर केली? प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात फ्लोराइड घालून तपासले तर आकडे झकास येतात. पण फ्लोराइडच्या बोअरचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, त्यात बायकार्बोनेट भरपूर असते. ते फ्लोराइडची जागा अडवते. म्हणून चाचणी आपल्याच बोअरच्या पाण्यावर, आपल्यासमोर झाली पाहिजे.

दुसरा : एक किलो माती किती लिटरला पुरेल? हिशेब सोपा आहे. समजा, पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि ते १ वर आणायचे आहे. म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम काढायचे. एक किलो माती १,००० मिलिग्रॅम धरते असे मानले, तर ती ५०० लिटरला पुरेल. घरटी पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर धरले, तर २०० घरांना ४,००० लिटर. रोजची ८ किलो माती, महिन्याला जवळजवळ अडीच क्विंटल! आपल्या पाण्यात तिची ताकद निम्मी झाली तर पाच क्विंटल. हा आकडा विक्रेत्याकडून कागदावर घ्यावा. माती धुऊन पुन्हा वापरता येते असे तो म्हणाला, तर किती वेळा, कशाने आणि कोण धुणार, तेही लिहून घ्यावे.

तिसरा : माती संपली हे कळणार कसे, आणि बदलणार कोण? फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. फिल्टर थकला तरी पाणी तसेच नितळ येते आणि गाव निर्धास्त पीत राहते. फिल्टर नसण्यापेक्षा हे वाईट. जलसुरक्षकाने ठरलेल्या दिवशी तपासणी संचाने फ्लोराइड पाहावे, अधूनमधून नमुना भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. माती बदलण्याचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरावा. उद्घाटनाला नारळ फोडणारे पुष्कळ. दुसऱ्या वर्षी माती कोण आणणार?

चौथा : वापरलेली माती जाणार कुठे? फ्लोराइड नाहीसे होत नाही, फक्त पाण्यातून मातीत येते. ती माती विहिरीशेजारी, गोठ्यात किंवा शेतात टाकली तर पुढच्या पावसात पुन्हा पाण्यात उतरू शकते.

हीच कसोटी कापडाच्या गावांतही लावावी. इचलकरंजी, सोलापूरकडे रंगाच्या पाण्याचा प्रश्न आहे. लोह बसवलेली माती आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी रंगाचे रेणू तुटतात. इथे माती उत्प्रेरकाचे काम करते, म्हणून लगेच संपत नाही. पेरॉक्साइड मात्र सतत घालावे लागते. पण रंग गेला म्हणजे पाणी शेताला चालले, असे नव्हे. रंगाईत वापरलेले मीठ त्यात तसेच राहते आणि तेच जमीन खारवते. पाणी पांढरे झाले का, हे न विचारता क्षार किती आहेत, हे विचारावे.

फ्लोराइड नसलेला दुसरा स्रोत जवळ असेल तर तो आधी घ्यावा. प्रक्रिया हा नंतरचा मार्ग. तुरटी-चुन्याची नळगोंडा पद्धत नागपूरच्या 'नीरी'ने शोधली, तिचाही खर्च आणि कष्ट मातीच्या शेजारी ठेवून पाहावेत. आणि आपल्या विद्यापीठांना, संस्थांनाही सांगणे आहे : मातीवरचे प्रबंध पुष्कळ झाले, आता एखाद्या फ्लोराइडच्या गावात वर्षभर फिल्टर चालवून दाखवा. लिटरचा हिशेब गावासमोर मांडा.

ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आणि सरपंच यांनी हे चार प्रश्न पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत. चारांची उत्तरे लेखी मिळाली तर फिल्टर जरूर घ्यावा. एकाचेही उत्तर तोंडी असेल, तर सही करू नये.