चालक नसेल, तर जबाब कोण देणार?

माझे अब्बा बावीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवत होते. एकदा माहीमला सायकलवरचा एक मुलगा त्यांच्या गाडीला धडकला. अब्बांनी त्याला दवाखान्यात नेलं, पोलीस ठाण्यात जबाब दिला, पुढे तारखांनाही हजर राहिले. चूक कुणाची ते नंतर ठरलं, पण उत्तर द्यायला एक माणूस समोर उभा होता.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या टॅक्सीत चालकाची सीट रिकामी असते. तो व्हिडिओ मी अब्बांना दाखवला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ठोकर लागली तर उतरून कोण येणार?"

या गाड्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात जवळपास ३३ हजार पायी चालणारी होती. यंत्र दारू पीत नाही, रात्रपाळीत त्याला डुलकी लागत नाही. अंध माणसाला कुणाच्या मदतीशिवाय प्रवास करता येईल. यंत्रामुळे जीव वाचणार असतील तर मी त्याला विरोध का करू?

पण अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर मला टेम्पीच्या घटनेत सापडत नाही. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोना राज्यातल्या या शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या ४९ वर्षांच्या स्त्रीचा जीव घेतला. गाडीच्या सेन्सरने तिला पाच सेकंदांहून आधी टिपलं होतं. पण क्रॉसिंग सोडून कुणी पायी रस्ता ओलांडेल, हे त्या यंत्रणेत धरलेलंच नव्हतं. देखरेखीला बसलेली कर्मचारी मोबाइल पाहत होती. तिला २०२३ मध्ये तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. तिची चूक होतीच. कंपनीवर मात्र फौजदारी खटला चालला नाही.

आता आपल्या वस्त्या आठवा. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव. फूटपाथ धड नाही, क्रॉसिंग शोधून सापडत नाही. इथे शाळेतली मुलं, हातगाडीवाले, बाजारातून परतणाऱ्या बाया रोज टेम्पीतल्या त्या स्त्रीसारखाच रस्ता ओलांडतात. त्यांना माणूस म्हणून न मोजणारी गाडी इथे आली, तर दोष कुणाचा धरणार?

चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी २०२३ मध्ये म्हणाले. ही काळजी खरी आहे. आपल्यातल्या कित्येकांचं शिक्षण रिक्षा-टॅक्सीच्या कमाईवर झालं, माझंही. पण मंत्र्याच्या शब्दावर कुणाचं पोट कायमचं सुरक्षित राहत नाही. त्यासाठी कायदा लागतो.

ब्रिटनने २०२४ मध्ये तसा कायदा केला. गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्याबद्दल सीटवरच्या माणसावर खटला होत नाही. जी संस्था गाडीसाठी मंजुरी घेते, तिने उत्तर द्यायचं. आपल्याकडेही हेच हवं, आणि सोबत दोन गोष्टी: अपघाताची नोंद जनतेसमोर ठेवण्याची सक्ती आणि काम जाणाऱ्या चालकांसाठी निधी, तोही गाड्या आणणाऱ्या कंपन्यांकडून.

या अटींवर माझं मत होकाराचं आहे, त्यांच्याशिवाय नाही. तुमच्यापैकी कुणी संगणक शिकतंय, कुणी वकिली. अब्बांचा प्रश्न वर्गात विचारा, आपल्या आमदार-खासदारांनाही विचारा. गाडी मोहल्ल्यात येण्याआधी विचारा.