टॅब्लेट : पेढीवरची नवी पाटी

पापडीच्या बाजारात आज गल्ल्याशेजारी क्यूआर कोडची पट्टी दिसते. घाऊक व्यापाऱ्याचे बिल मोबाईलवर येते आणि त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपने करसल्लागाराकडे जाते. या सोयीबरोबर अनेक पेढ्यांवर एक गोष्ट नकळत घडली आहे. ज्यांनी आयुष्यभर रोजमेळ आणि खतावणी स्वतःच्या अक्षरात लिहिली, ते घरातील वडीलधारे हिशेबापासून दूर झाले आहेत. अमुक पार्टीचे पैसे जमा झाले का, हे आजोबांना नातवाला विचारावे लागते, कारण मोबाईलच्या लहानशा पडद्यावरील आकडे त्यांना नीट दिसत नाहीत. टॅब्लेटविषयी व्यापारी कुटुंबांतून विचारल्या जाणाऱ्या अनेक प्रश्नांच्या मुळाशी हीच अडचण असते. म्हणून ‘कोणता घ्यावा’ याआधी ‘कोणासाठी घ्यावा’ हे ठरवले, तर पुढील उत्तरे सोपी होतात.

टॅब्लेट म्हणजे मोठा मोबाईल की लहान संगणक?

दोहोंच्या मधली वस्तू, असे म्हणणे योग्य ठरेल. टॅब्लेट म्हणजे शब्दशः पाटी. कळफलक आणि माऊस यांवाचून, बोटाच्या स्पर्शाने ती चालते. ॲपल कंपनीने २०१० साली ९.७ इंची आयपॅड बाजारात आणला आणि अशी पाटी घरोघरी माहीत झाली. हे माप पडद्याच्या कर्णाचे, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असते. दुकानात मागणीची नोंद करण्यास आठ इंची पाटी हातात सुटसुटीत बसते, तर हिशेबाचे पान एका दृष्टिक्षेपात वाचण्यास दहा-अकरा इंची पडदा बरा.

स्वस्तातला घेतला तर चालेल का?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने एकदा अनुभवाने शोधले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब्लेट सादर झाला. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता आणि जगभर त्याचे कौतुक झाले. पण त्याचा पडदा नुसत्या स्पर्शाने नव्हे, तर बोट दाबल्यावर चालणाऱ्या प्रकारचा होता आणि रॅम अवघी २५६ एमबी होती. वापरणाऱ्यांना तो संथ वाटला. पुढे या प्रकल्पाची सूत्रे पवईच्या आयआयटी मुंबईकडे आली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘आकाश २’ आला. त्यात रॅम दुप्पट झाली व पडदा हलक्या स्पर्शाने चालू लागला.

तेव्हाचे आकडे आज जुने झाले आहेत, बोध मात्र जुना झालेला नाही. रॅम म्हणजे पेढीवरची बैठक आणि स्टोअरेज म्हणजे गोदाम. गोदाम कितीही मोठे असले, तरी बैठक अपुरी असेल तर काम खोळंबते. आज चार जीबीहून कमी रॅमचा टॅब्लेट घेऊ नये. सहा-आठ जीबी असल्यास तो काही वर्षे सुखाने चालेल. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार आहेत, हेही खरेदीपूर्वी अवश्य विचारावे. सुधारणा थांबलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कुलूप बिघडलेल्या तिजोरीत रोकड ठेवणे होय.

दुकानातील कोणती कामे त्यावर होतील?

मालाची यादी दाखवणे, मागणी लिहून घेणे, बिल पाठवणे, जीएसटीच्या संकेतस्थळावरील नोंदी पाहणे, ही कामे सहज होतात. व्हॉट्सॲपही मोबाईलवरील खात्याशी जोडून वापरता येते. तीन ठिकाणी मात्र अपेक्षाभंग होतो, म्हणून ती आधीच ध्यानात घ्यावीत.

पहिली बाब यूपीआयची. त्याच्या नोंदणीसाठी बँकेत दिलेल्या क्रमांकाचे सिमकार्ड त्याच यंत्रात असावे लागते आणि त्यातून एसएमएस जावा लागतो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅब्लेटवर हे होत नाही. सिमची सोय असलेल्या काही टॅब्लेटमध्येही सिम फक्त इंटरनेटपुरते असते. तेव्हा पैसे देण्या-घेण्यासाठी मोबाईलच ठेवावा. दुसरी बाब टॅलीची. तिचा मूळ प्रोग्राम विंडोज संगणकासाठी आहे. अँड्रॉइड टॅब्लेटवर किंवा आयपॅडवर तो बसवता येत नाही. संगणकावरील टॅलीचे अहवाल ब्राउझरमधून पाहण्याची सोय मात्र आहे. तिसरी बाब लेखनाची. शेकडो नोंदी भरायच्या असतील तर स्पर्शाचा कळफलक थकवतो. ते काम संगणकावरच करावे, अथवा टॅब्लेटला ब्लूटूथचा कळफलक जोडावा.

वडीलधाऱ्यांना तो जमेल का?

जमतो, पण पहिल्या दिवशीची मांडणी घरातील तरुणाने मन लावून केली पाहिजे. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवावा, भाषा मराठी किंवा गुजराती करावी आणि पहिल्या पानावर चार-पाचच चिन्हे ठेवावीत. कळफलकावरील माइकच्या चिन्हास स्पर्श करून मराठीत बोलले की शब्द आपोआप उमटतात. टंकलेखनाची धास्ती त्यामुळे निम्मी होते. शिकवताना एका दिवशी एकच काम शिकवावे आणि यंत्र त्यांच्याच हाती राहू द्यावे. शिकवणाऱ्याने अधीर होऊन ते ओढून घेतले, तर आजोबा पुन्हा विचारणार नाहीत. उधारीची यादी ज्या दिवशी ते स्वतः उघडतील, त्या दिवसापासून ‘हे बिल दोनदा लागले आहे’ असे सांगणारी अनुभवी नजर पेढीला परत मिळेल.

पावसाळ्यात उपयोग होतो का?

वसईकरांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय झाला आणि रेल्वेही विस्कळीत झाली. वीज गेली की संगणक थांबतो, भरलेल्या बॅटरीवर टॅब्लेट मात्र काही तास चालतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न कागदांचा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. हिशेब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्यास कायद्याची मुभा आहे, मात्र त्यांची बॅकअप प्रत राखणे बंधनकारक आहे. टॅब्लेटच्या कॅमेऱ्याने रोज संध्याकाळी बिले स्कॅन करावीत आणि त्यांची एक प्रत क्लाउडवर, दुसरी घरच्या हार्डडिस्कवर ठेवावी. मूळ कागद टाकून देऊ नयेत, पण दुकानात पाणी शिरले तर हिशेबही त्याबरोबर वाहून जाणार नाही. केवळ टॅब्लेटमध्येच असलेली नोंद सुरक्षित समजू नये. तो पडतो, भिजतो आणि चोरीलाही जातो.

मुलांच्या हाती द्यावा का?

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात आणि मोठ्या पडद्यावर ती छान वाचता येतात. परंतु हिशेबाचा टॅब्लेट आणि खेळाचा टॅब्लेट एकच असणे बरे नव्हे. अनेक अँड्रॉइड टॅब्लेटवर निरनिराळ्या व्यक्तींची स्वतंत्र खाती उघडता येतात. त्याचा लाभ घ्यावा. गिऱ्हाइकाच्या हाती मालाची यादी देताना पडदा एकाच ॲपवर खिळवून ठेवण्याची सोय असते. ती वापरल्यास त्याला शेजारची उधारीची यादी दिसत नाही.

पैशांना धोका किती?

धोका पाटीत नसतो, घाईत असतो. बँक, पोलीस वा वीज कंपनीच्या नावाने कोणी दूरध्वनी करून अनोळखी ॲप घेण्यास सांगितले, तर तेथेच संभाषण थांबवावे. अशा ॲपमधून आपला पडदा परक्याला दिसू लागतो. ओटीपी आणि पिन कोणासही सांगू नये. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर संकोच न करता त्वरित १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक. ही गोष्ट घरातील वृद्धांना आवर्जून सांगावी आणि सोबत एवढेही सांगावे की चूक झाली तरी कोणी रागावणार नाही. रागाच्या भीतीने लपवलेला एक तास फार महाग पडतो.

दिवाळीच्या वहीपूजनात आता कित्येक पेढ्यांवर वहीशेजारी लॅपटॉप ठेवतात. तेथे टॅब्लेटही ठेवला जाईल. तो किती किमतीचा आहे, यापेक्षा त्यातील हिशेब घरातील किती जणांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतो, हे खरेदीपूर्वी पाहावे.