निदण येण्यापूर्वी

सौंसरजवळच्या एका खेड्यातून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लहान आहे, परंतु त्यातील दुखणे लहान नाही. घरामागे वीस हात लांब व बारा हात रुंद अशी त्यांची वाडी आहे. मृग लागला म्हणजे तेथे त्या वांगी, मिरची, भेंडी, गवार लावतात, आणि पोळा येईतो ती रोपे दरवर्षी तणात बुडून जातात. मुलगे कामासाठी नागपुरास. निंदणाला बाई बोलवावी तर नेमक्या त्याच दिवसांत गावच्या साऱ्या बाया कपाशीत गुंतलेल्या. स्वतः बसावे तर कंबर साथ देत नाही. तेव्हा तण मारण्याचे औषध आणून फवारावे, की वाडीच सोडून द्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

औषधाचे आधी सांगून टाकतो. दुकानात ज्याला सर्रास तणनाशक म्हणून देतात ते ग्लायफोसेट आपल्या देशात भाजीपाल्यावर मारण्यासाठी मंजूर नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक फवारणी करणारांपुरताच ठेवण्याचा आदेशही काढला. ज्या वाफ्यातील भेंडी संध्याकाळी तव्यावर जाणार, ज्याच्या कडेला विहीर आणि दाराशी शेळी, तेथे ते नको. वाडी सोडण्याचा तर प्रश्नच नाही. ह्या बाईंची अडचण एवढीच आहे की, त्या तणाशी श्रावणात भांडतात. भांडण चैत्र-वैशाखातच संपवावयास हवे होते.

आपल्याकडे उन्हाळ्यात वाडी खणून, ढेकळे फोडून, काडीकचरा वेचून स्वच्छ उघडी ठेवण्याची रीत आहे, आणि जिची वाडी अशी काळीभोर व नितळ दिसेल ती बाई नेटकी, असे आपण समजतो. सौंसरहून छिंदवाड्याकडे निघाले की सिल्लेवानीचा घाट लागतो. तेथील सागाच्या जंगलात फाल्गुनात जमीन पाहावी. बोटभर माती उघडी सापडणार नाही. सारी पानांखाली झाकलेली. मातीला उघडे राहणे मानवत नाही. आपण पांघरूण घातले नाही तर ती स्वतःच घालून घेते, आणि त्या पांघरुणालाच आपण तण म्हणतो.

ह्यातील कारण साधे आहे. मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षांचे तणांचे बी पडून असते. त्यातील पुष्कळसे बारीक बी उजेड आणि ओल ह्या दोहोंची वाट पाहते. कुदळीचा प्रत्येक घाव खालचे नवे बी वर आणतो, पहिल्या पावसाने त्याला ओल मिळते आणि उघड्या जमिनीत उजेडाला तोटा नसतो. तीच जमीन झाकलेली असली तर एक तर बी उगवतच नाही, किंवा उगवले तरी कोंब पिवळा पडतो, बियातील शिदोरी संपते व तो तेथेच मरतो.

शुभवर्तमानातील गहू व निदण ह्यांचा दृष्टांत आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेथील 'निदण' आणि आपल्या बाया खुरप्याने करतात ते 'निंदण' ह्या शब्दांचे घराणे एकच. त्या दृष्टांतातील धनी निदण उपटू देत नाही, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. दाट वाफ्यात हरळीच्या मुळांबरोबर मिरचीचे रोप हाती आलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या धन्याचे शेतीचे ज्ञान पक्के होते हे पटेल. मात्र त्याच्या शेतात गहू आधीच पेरलेला होता. आपल्या भगिनींची वाडी अद्याप मोकळी आहे, हे त्यांचे भाग्य.

झाकण्यापूर्वी आपल्या वाडीत कोणते तण आहे हे ओळखले पाहिजे. येथेच बहुतेकांची फसगत होते. केना, तरोटा, काटेमाठ, गाजर गवत ही बियांपासून येणारी तणे होत. पांघरुणाखाली त्यांचे कोंब दबतात. (गाजर गवताची आपल्या देशातील पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली, आणि आज ते पांढुर्ण्याच्या बसस्थानकापासून कोणत्याही बांधापर्यंत भेटते. जबलपूर येथे तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. दर ऑगस्टात गाजर गवताविषयी ती एक आठवडा लोकजागृती करते. फूल येण्याआधी, हातात काही घालून, ते मुळासकट उपटावे एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.)

लव्हाळा, हरळी आणि काळ्या जमिनीतील कुंदा ह्यांची जात निराळी. ह्यांचा जीव बियांत नसून जमिनीतील गाठींत व मुळ्यांत असतो. लव्हाळ्याच्या गाठी मण्यांसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. वरचे पाते उपटले की खालची गाठ नवे पाते काढते. लेरॉय होल्म व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७७ साली जगातील सर्वांत त्रासदायक तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला मान लव्हाळ्याचा आहे आणि दुसरा हरळीचा! आपल्या परसात हे दोघे शेजारी नांदतात, तेव्हा बाईंनी स्वतःला दोष लावून घेऊ नये.

आमच्याही हातून ही चूक झालेली आहे. एके वर्षी लव्हाळ्याने भरलेल्या वाफ्यावर आम्ही काळे प्लास्टिक अंथरले आणि मोठ्या विश्वासाने स्वस्थ बसलो. तीन आठवड्यांनी पाहतो तो, सुया टोचाव्यात तशी लव्हाळ्याची टोके प्लास्टिक भोकसून वर आलेली! तेव्हा लव्हाळ्याची व हरळीची जागा आधी खणावी. चैत्रात टिकासाने वीतभर खोल खणून गाठी व मुळ्या वेचाव्यात. उरलेल्या वर काढून वैशाखाच्या उन्हात वाळू द्याव्यात, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा माती उलटावी. हे काम कंबरेचे आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून ते मुलगे सुटीवर घरी येतील त्या दिवसांसाठी राखून ठेवावे. आईच्या हातची वांगी खातात, त्यांनी दोन दिवस टिकास धरला तर बिघडत नाही.

आता पांघरूण कशाचे? गव्हाचे, हरभऱ्याचे चांगले कुटार मातीला घालण्याचे कारण नाही, ते गोठ्याचे आहे. परंतु पावसाने भिजून काळे पडलेले, जनावर तोंड लावीत नाही असे सोयाबीनचे कुटार बहुतेक घरी असते. ते चार बोटे जाड अंथरावे. विरळ टाकले तर त्यातून तण सुखाने वर येते. त्याखाली जुन्या वर्तमानपत्रांचे पाचसहा पदर किंवा खोक्यांचे पुठ्ठे ओले करून पसरले तर कुटार कमी लागते. फाटकी गोणपाटेही चालतात. सागाची, पळसाची पाने उत्तम. आपल्या भागात मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालची पाने पेटवून देतात, ते पाहून आम्हांस दर वर्षी हळहळ वाटते. कुटार मातीत मिसळू नये, वरच राहू द्यावे. खाली गाडले तर ते कुजताना रोपांच्या वाट्याचे नत्र ओढून घेते.

पऱ्हाटी मात्र नको. वेचणीनंतर तिच्यावर राहिलेल्या कैऱ्यांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, आणि ती वाडीत साठविणे म्हणजे पुढच्या कपाशीसाठी अळी पोसणे होय. शिवाय कोरड्या काड्यांना उधई लागते. म्हणूनच कोणतेही कोरडे पांघरूण चैत्रात घालू नये. रोहिणी लागल्यावर, पहिल्या पावसाच्या तोंडावर घालावे. त्याखाली विंचू बसतो, हेही विसरू नये. हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे.

पांढुर्ण्याकडील टरबूज व मिरचीवाले ज्याला मल्चिंग पेपर म्हणतात, तो एका अंगाने काळा व दुसऱ्या अंगाने चंदेरी असतो. काळे अंग खाली ठेवले म्हणजे उजेड अडतो. वरच्या चंदेरी चकाकीने मावा व पांढरी माशी काहीशी दूर राहते. तो अंथरण्यापूर्वी जमीन भिजविली पाहिजे, कारण पाऊस त्यातून झिरपत नाही. वापर संपल्यावर तो अखंड गोळा करता आला तरच घ्यावा. त्याच्या चिंध्या नांगराखाली गेल्या की पुन्हा वेचणे होत नाही.

आणखी एक उपाय आहे, आणि आपल्या ऊन्हाला तो फार साजतो. इस्राएलमध्ये याकोव कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली तो प्रसिद्ध केला. भिजविलेल्या जमिनीवर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद करावयाच्या व चार ते सहा आठवडे तसेच ठेवावयाचे. काळे अधिक तापेल असे आपणांस वाटते, परंतु पारदर्शकातून ऊन थेट मातीपर्यंत पोचते व ऊब आतच कोंडली जाते. वरच्या थरातील तणांचे बी व रोपे कुजविणारी बुरशी ह्यांचा त्याने पुष्कळ नाश होतो. लव्हाळ्याच्या गाठी मात्र ह्यालाही दाद देत नाहीत. रोपे तयार करावयाच्या लहान वाफ्याला हा उपाय एप्रिलच्या मध्यापासून करावा.

संत्र्याचे बगीचे असलेल्यांस येथे एक इशारा द्यावयास हवा. मृग बहारासाठी झाडांना उन्हाळ्यात ताण द्यावा लागतो. त्या दिवसांत बुंध्याखाली जाड पांघरूण असले तर ओल टिकते आणि ताण बसत नाही. बगीच्यातील आच्छादन बहार धरल्यावरच घालावे, आणि खोडापासून हातभर दूर ठेवावे. ओले कुटार खोडाला टेकले की डिंक्याला आमंत्रण मिळते.

आमच्या भगिनींनी यंदा असे करावे. चैत्रात वाडीला एक पाणी द्यावे आणि उगवेल ते तण आठदहा दिवस उगवू द्यावे. मग वरच्यावर खुरपून उन्हात टाकावे, खोल खणू नये. जेथे लव्हाळा आहे तेवढीच जागा खणावी व तेथे ह्या वर्षी मिरची न लावता काकडी किंवा भोपळ्याचा वेल सोडावा, म्हणजे त्याची पानेच जमीन झाकतील. रोहिणीत पुठ्ठे व कुटार घालावे. दोनतीन चांगले पाऊस होऊन खालची माती ओली झाली की, जेथे रोप लावावयाचे तेवढ्याच जागी वीतभर कुटार बाजूला सारून पुठ्ठ्याला भोक पाडावे, रोप लावावे व देठाभोवती चार बोटे मोकळी सोडावीत. भेंडी व गवार ह्यांचे बी टोचावयाचे तेथे पुठ्ठा न घालता ओळीपुरती माती उघडी ठेवावी. एका कोपऱ्यात दोन हात जागा मुद्दाम नेहमीसारखी उघडी राहू द्यावी. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या दोन हातांतले आणि झाकलेल्या तेवढ्याच जागेतले तण निरनिराळ्या पाट्यांत भरावे, आणि दोन्ही पाट्या किती भरल्या ते आम्हांस एका कार्डाने कळवावे.