स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या घरांतून निदान म्हणून वापरली जाते. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हा व्यक्तिमत्त्वाचा विकार असलेली मुलगी घटकेत गळ्यात पडते, घटकेत तुटून बोलते, न उचललेल्या एका फोनने कोसळते. ‘मी जीव देईन’ असं ती म्हणाली की दुसरी म्हण तयार असते : गर्जेल तो पडेल काय? नाटकं आहेत सगळी, लक्ष देऊ नका.

आधी या दुसरीचा समाचार घेऊ. या विकारातल्या आत्महत्यांचं प्रमाण जुन्या पाहण्यांत १० टक्क्यांपर्यंत आढळलं होतं. नव्या पाहण्यांत ते उतरलं, तरी सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी पट जास्तच आहे. आधीचा प्रयत्न ही तर पुढच्या धोक्याची ठळक खूण. ‘तिचं नेहमीचंच’ म्हणून जिला सोडून देतात, तिलाच जपायला हवं.

‘लक्ष देऊ नका’ म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. तिने स्वतःला केलेल्या प्रत्येक इजेनंतर सगळं घर धावलं, तर ते धावणंच इजेला खतपाणी घालू शकतं. पण म्हणून पाठ फिरवायची? सिअ‍ॅटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीत (डीबीटी) हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. रुग्णाने फोन करायचा तो इजा करून घेण्याआधी. त्या घडीला काय करायचं ते थेरपिस्ट सांगतो. इजा झाल्यावर वैद्यकीय मदत मिळते, जिवाला धोका असेल तर तोही पाहिला जातो, पण ठरलेल्या भेटीखेरीज २४ तास जादा संभाषण नाही. शिवाय रोज एक कार्ड भरायचं : आज दुःख किती, राग किती, मरणाची ओढ किती, शून्य ते पाच. त्यात जिवाचा धोका दिसला, की नवऱ्याशी झालेलं भांडण आणि ऑफिसातला अपमान मागे राहतो. आधी त्या धोक्यावरच बोलणं. याहून बारीक लक्ष ते कोणतं?

१९९१ साली ४४ स्त्रियांवरच्या चाचणीत या उपचाराने स्वतःला इजा करणं आणि रुग्णालयातले दिवस, दोन्ही घटले. २००६ साली १०१ स्त्रियांच्या चाचणीत, इतर तज्ज्ञांच्या उपचारांच्या तुलनेत, आत्महत्येचा प्रयत्न करण्याचा संभव निम्म्यावर आला.

राहिली पहिली म्हण. अमेरिकेतल्या मॅक्लिन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक जणांची लक्षणं किमान दोन वर्षं ओसरलेली होती. नोकरी आणि नाती सावरायला वेळ जास्त लागला, हेही खरं. खुद्द लिनेहन १९६१ साली, सतराव्या वर्षी, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०११ साली.

‘नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत ना, मग झालं’ हे तिसरं मत. नैराश्य असेल तर त्यावर उपचार व्हायलाच हवेत. पण ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार खास या विकारासाठी म्हणून औषधं देऊ नयेत. संकटाच्या घडीला शामक गोळ्या द्यायच्याच तर थोड्या दिवसांच्या, आणि त्याही एकूण उपचारांचा भाग म्हणून.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. घरच्यांनी शांतपणे विचारावं, ऐकावं, एकटं सोडू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. सरकारच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.