पाळणा थांबतो कसा?

आमच्या वसतिगृहातला माझा खोलीसोबती शरीराने इथे आणि मनाने अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात राहतो. मेसमधली पातळ आमटी ओरपताना त्याचे डोळे मोबाइलवर असतात आणि मोबाइलवर असते ऑर्लँडो शहरातल्या एखाद्या बांधकामाचे आकाशातून टिपलेले छायाचित्र. "हा खांब बघ, इथं गाडी उलटी होणार," असे तो मला समजावतो. 'एपिक युनिव्हर्स' हे तिथले भव्य करमणूक उद्यान 22 मे 2025 रोजी उघडले. पण त्याच्या कितीतरी आधी अशा छायाचित्रांवरून शौकिनांनी त्यातल्या रुळांची वळणे ओळखली होती. उद्यान उघडले तशी ही मंडळी पुढच्या अंदाजाला लागली. आता कोणती राईड येणार? ती रुळांवरून धावणार की रुळांवाचून?

हे ऐकून 'बाजारात तुरी' म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्या खिशात एस.टी.च्या तिकिटापुरते पैसे नाहीत, त्यांनी ऑर्लँडोच्या राईडची चिंता का करावी, असा त्यांचा सवाल. गुरुजनांची क्षमा मागून मी म्हणतो की, हा निव्वळ रिकामटेकड्यांचा उद्योग नाही.

तर्कशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की, पर्वतावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे असे अनुमान करावे. हे शौकीन दुसरे काय करतात? 1965 साली ऑर्लँडोजवळ कोणीतरी गुपचूप हजारो एकर जमीन विकत घेत होते. कोणी म्हणे विमानांचा कारखाना येणार, कोणी म्हणे मोटारींचा. एमिली बावार या स्थानिक वृत्तपत्राच्या महिला पत्रकार कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्ने यांना भेटल्या, त्यांना थेट प्रश्न विचारला आणि त्यांच्या बोलण्यावरून ताडले की खरेदीदार हेच. ऑक्टोबर 1965 मध्ये त्यांनी तसे छापले आणि ते खरे ठरले. आजचे शौकीन बांधकामाच्या परवान्यांचे कागद वाचतात, पेटंटचे अर्ज वाचतात. अमेरिकेत असा अर्ज साधारणपणे 18 महिन्यांनी सर्वांना पाहावयास खुला होतो. त्यात आकृती असते, यंत्राची रचना असते. अर्थात पेटंट म्हणजे वचन नव्हे. कितीतरी कल्पना कागदावरच राहतात. हे ज्याला उमगले त्याला धूर आणि धुके यांतला फरक कळला. इतके शिक्षण फुकटात होत असेल तर हसायचे कशाला?

मग माझी तक्रार काय? ती सांगण्यापूर्वी थोडे घरचे सांगावे लागेल.

माझे वडील जत्रेतल्या आकाशपाळण्यावर काम करतात. म्हसवड, पुसेगाव, औंध असा त्यांचा हंगाम. लोखंड ट्रकमधून उतरवायचे, सांगाडा उभा करायचा, नटबोल्ट आवळायचे, जत्रा उठली की पुन्हा सारे खोलायचे. घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. सुट्टीत घरी गेलो तेव्हा मोठ्या ऐटीत मी त्यांना मित्राकडून ऐकलेले सारे सांगितले. मोटारींच्या कारखान्यात वापरतात तसा यांत्रिक हात माणसांना बाकासकट उचलून हवेत फिरवतो, अशी राईड ऑर्लँडोत 2010 पासून आहे. टोकियोजवळ 2000 सालापासून रुळांवाचून गाड्या धावतात. आबांनी विडी विझवली आणि एवढेच विचारले, "चढतो कसा ते कुणी बी सांगंल. थांबतो कसा?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांनी तो प्रश्न का विचारला, हे मात्र मला ठाऊक होते. मी सातवीत असताना एका जत्रेत भर गर्दीत इंजिन बंद पडले. भरलेला पाळणा वरच्या वर राहिला. बायका रडू लागल्या, पोरे ओरडू लागली. आबांनी आणि दोघा सोबत्यांनी हातांनी चाक ओढून एकेक पाळणा खाली आणला. तोही ओळीने नव्हे. या बाजूचा एक रिकामा केला की समोरच्या बाजूचा एक, नाहीतर भार एकीकडे जाऊन चाक आपोआप फिरेल. शेवटचे मूल उतरले तेव्हा आबांच्या तळहातांची सालटी निघाली होती. त्यांना कोणी शाबासकी दिली नाही. उलट तिकिटाचे पैसे परत मागणाऱ्यांची रांग लागली.

माझी तक्रार ती हीच. नव्या राईडबद्दल बोलताना आपण उंची विचारतो, वेग विचारतो. ती थांबते कशी, अडकली तर माणसे उतरवायची कशी, हे क्वचितच विचारतो. खरे पाहता तिथेच बुद्धीचा कस आहे. न्यू जर्सीतील 'किंगडा का' ही 2005 सालची राईड 456 फूट उंच होती, तिचा वेग ताशी 128 मैल. कधीकधी तिची गाडी माथा न गाठताच मागे घसरे. मग रुळांमधून वर आलेले ब्रेक तिला सावकाश अडवीत. या ब्रेकची युक्ती मोठी सुंदर आहे. बलवान चुंबक आणि तांब्याची पाती एकमेकांजवळून वेगाने गेली की धातूत विजेचे भोवरे उठतात आणि तेच गतीला विरोध करतात. बाहेरची वीज लागत नाही. वीज गेली तरी ब्रेक लागतोच. जितका वेग अधिक तितका विरोध मोठा, मात्र वेग मंदावला की तोही ओसरतो. म्हणून गाडी पुरती थांबवायला दुसरा उपाय ठेवावा लागतो. 'किंगडा का' 2024 मध्ये बंद झाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुरुंग लावून पाडली गेली. तिच्या जागी काय येणार याचे अंदाज लगेच सुरू झाले. त्या अंदाजांत आबांचा प्रश्नही असावा, एवढेच माझे मागणे.

हे सारे मी परत आल्यावर मित्राला सांगितले. तो आधी हसला, मग त्या रात्री दोघांनी मिळून ब्रेकची माहिती शोधली. वर लिहिलेले बरेचसे त्या रात्रीचेच आहे.

आमच्या गावातही एक अंदाज चालू असतो. पाळणेवाल्याचा पोरगा बी.ए. होऊन करणार काय? कोणी म्हणतो मास्तर होईल, कोणी म्हणतो शेवटी नटबोल्टच आवळील. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्याजवळ धूर पाहायला अजून काही नाही. येत्या सुट्टीत मात्र मी घरी जाईन तेव्हा आबांना चुंबकाच्या ब्रेकचे चित्र काढून दाखवणार आहे. त्यावर ते आणखी एक प्रश्न विचारतील, आणि त्याचेही उत्तर मला शोधावे लागेल.

— द्वितीय वर्ष, कला